काय म्हणालीस?

संसार म्हणजे दोन चाकांचा रथ, असे लग्नात आशीर्वाद देणारी वडीलधारी मंडळी सांगत असतात. माझा संसार खरोखरीच दोन चाकांवर सुरू झाला. १९८५ साली माझे लग्न झाले, तेव्हा माझ्यापाशी दोन खोल्या, एक नोकरी आणि एक येझ्दी मोटारसायकल होती. खोल्या भाड्याच्या होत्या, नोकरी सरकारची होती. माझी म्हणावी अशी ती येझ्दीच.

पण त्या रथाच्या उपमेत एक गोम आहे, ती कोणी सांगत नाही. रथातली माणसे शेजारी शेजारी बसतात. मोटारसायकलवर एकामागे एक बसावे लागते. पुढच्याला मागच्याचे तोंड दिसत नाही, मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही, आणि दोघांच्या मध्ये वारा असतो. येझ्दीच्या दोन नळ्यांचा आवाज तो वेगळाच. सौ. मागून काहीतरी बोले. मी विचारी, "काय?" ती पुन्हा बोले. मी मान अर्धी वळवून विचारी, "काय म्हणालीस?" तिसऱ्या खेपेस ती म्हणे, "काही नाही!" हे 'काही नाही' मात्र मला दर वेळी स्वच्छ ऐकू येई.

हळूहळू आमची एक सांकेतिक भाषा तयार झाली. उजव्या खांद्यावर एक थाप पडली की 'हळू चालवा', दोन पडल्या की 'थांबा', आणि दंडाला चिमटा बसला की 'आत्ता गेले ते आमचे काका होते, तुम्ही पाहिलंसुद्धा नाहीत!' या तिन्हींत न बसणारे ती काही बोलली, तर माझ्यापाशी एक रामबाण उत्तर होते. मी 'हो' म्हणत असे. नवऱ्याने 'हो' म्हटले की बायको सहसा तो विषय वाढवत नाही, हा माझा अनुभव. त्या एका 'हो'वर मी बारा-पंधरा वर्षे सुखाने मोटारसायकल चालवली.

पुढे मुलगा मोठा झाला, येझ्दी विकली, चारचाकी आली. चारचाकीत सगळे ऐकू येते. त्यामुळे तिथे आम्ही फारसे बोलत नसू. निवृत्त झालो आणि मला पुन्हा दोन चाकांचे वेड लागले. या वेळी बुलेट घेतली. माझे वय लक्षात घेऊन दोघांनाही पूर्ण तोंड झाकणारी, आयएसआय शिक्क्याची हेल्मेटे घेतली. पुण्यात हेल्मेट घालणे म्हणजे आपल्याच माणसांशी द्रोह करण्यासारखे आहे, तरी घेतली. आता आमच्यामध्ये नुसता वारा उरला नाही; वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक भिंत उभी राहिली.

एका रविवारी आम्ही सासवडला निघालो होतो. दिवे घाट चढून वर आलो, रस्ता मोकळा होता, मन प्रसन्न होते. मागून सौ.चा आवाज आला. मला वाटले, ती विचारते आहे, "अहो, लांब?" मी उत्साहाने म्हणालो, "छे, छे! आलंच की आता!" आणि गाडीचा वेग थोडा वाढवला. ती म्हणत होती, "अहो, थांबा!" तिच्या ओढणीचे टोक जाळी चुकवून मागच्या चाकात ओढले जात होते. एका हाताने ती ओढणी सोडवत होती, दुसऱ्याने मला धरून होती. खांद्यावर थाप मारायला तिसरा हात नव्हता. पुढच्याच क्षणी ती रस्त्यावर होती.

देवाची कृपा म्हणून मागे वाहन नव्हते. मनगटाचे हाड चिरले, एवढ्यावर निभावले. सहा आठवडे तिचा हात प्लास्टरमध्ये होता आणि त्या सहा आठवड्यांत मी 'थांबा' आणि 'लांब' हे दोन शब्द मनात इतक्या वेळा घोळवले, की रात्री झोपेतही मला ते ऐकू येत.

तिचे प्लास्टर निघाले त्याच आठवड्यात तिने मला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी मला एका बंद खोलीत बसवले, कानांवर यंत्र चढवले आणि बारीक मोठे आवाज ऐकवून एक आलेख काढला. आलेख डावीकडून बरा निघून उजवीकडे दरीत कोसळत होता. डॉक्टर म्हणाले, "खालच्या पट्टीतले आवाज तुम्हाला येतात, वरच्या पट्टीतले फार कमी येतात. म्हणजे स्वर ऐकू येतात, पण स, श, थ, ट अशी व्यंजनं निसटतात. वयानं होतं, गोंगाटानं होतं. गेलेलं परत येत नाही. आहे ते जपा."

सौ. गणिताची शिक्षिका असली तरी शाळेत मराठीचे तासही घेई. ती म्हणाली, "म्हणजे यांना काना-मात्रा ऐकू येतात, अक्षरंच येत नाहीत!"

डॉक्टरांनी कर्णयंत्र दिले. घरात त्याने चांगले काम केले. पण हेल्मेटमध्ये ते शिट्ट्या घालू लागले. एक काढला तर दुसरा कान वाजे. मी मुकाट्याने बुलेट विकायची जाहिरात लिहायला घेतली. सौ.ने तो कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि म्हणाली, "गाडी विकू नका. मी बोललेलं तुम्हाला ऐकू येईल असं काहीतरी करा. भाऊबिजेला मला याच गाडीवरून महाडला जायचंय. वरंध्यानं."

महाड हे तिचे माहेर. आमचा पहिला दिवाळसणही आम्ही येझ्दीवरून भोर आणि वरंधा घाट असाच गाठला होता. त्या वेळी नीरा-देवघर धरण व्हायचे होते. आज जिथे रस्त्याकडेला पाणी पसरलेले दिसते तिथे तेव्हा शेते होती. त्या प्रवासातली एकच गोष्ट मला पक्की आठवत होती. घाटात तिने मागून ओरडून विचारले होते, "भजी खाऊ का?" मी ओरडून उत्तर दिले होते, "हो! अगदी पोटभर!" वाघजाईपाशी एक टपरी होती, तिथे थांबून मी दोन प्लेटी मागवल्या, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तसा मी क्वचितच पाहिला आहे. तेव्हापासून तिच्या प्रत्येक वाढदिवसाला मी न चुकता भजी आणत आलो.

असो. तर मी यंत्राच्या शोधाला लागलो.

मोटारसायकलवाल्यांनी आपापसांत बोलावे म्हणून हेल्मेटला लावायचे इंटरकॉम मिळतात, हे मला बंगळुरूला असलेल्या चिरंजीवांकडून कळले. त्याने फोनवर एक कोष्टक पाठवले. त्यात अकरा यंत्रे आणि तेवीस रकाने होते. यंत्राचे स्वरूप मात्र साधे निघाले. हेल्मेटच्या डाव्या अंगाला काड्यापेटीसारखी एक डबी, आत कानांपाशी रुपयाच्या नाण्याहून मोठ्या दोन चकत्या म्हणजे स्पीकर, आणि तोंडापाशी एक माइक. दोन हेल्मेटांना दोन संच. बाकी सगळा खेळ हवेतून.

हवेतून म्हणजे ब्लूटूथने. हे नाव कुठून आले ते पाहू गेलो, तर दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हाराल्ड निघाला. त्याला 'निळ्या दाताचा' म्हणत. फुटलेल्या मुलखांना त्याने एकत्र आणले म्हणून यंत्रांना एकत्र आणणाऱ्या युक्तीला त्याचे नाव दिले. एरिक्सन या स्वीडिश कंपनीत १९९४च्या सुमारास हे काम सुरू झाले. हवेत गर्दी फार, म्हणून आपला आवाज एकाच वाटेने न पाठवता एकोणऐंशी वाटांवरून सेकंदाला सोळाशे उड्या मारत पाठवायचा, अशी ती युक्ती. या उड्यांच्या तत्त्वावर १९४२ साली अमेरिकेत एक पेटंट दिले गेले होते, ते हेडी लामार या हॉलिवुडच्या नटीला आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकाराला. पाणतीरांना शत्रूच्या नकळत हुकूम देता यावा म्हणून त्यांनी ते योजले होते, आणि त्यात पियानोच्या पट्ट्यांइतक्या, अठ्ठ्याऐंशी, वाटा होत्या. हे मी सौ.ला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवले. ती भाजी निवडत म्हणाली, "बघा. बाईचं बोलणं पोचावं म्हणून शेवटी बाईलाच डोकं चालवावं लागलं."

दुसरे सल्लागार आमच्या शेजारचे तरुण. ते दर शनिवारी पहाटे पाच वाजता सबंध आळीला उठवून बारा-पंधरा मोटारसायकलींच्या ताफ्यासह कुठेतरी जातात. ते म्हणाले, "काका, ब्लूटूथ जुनं झालं. मेश घ्या." मी फरक विचारला. त्यांनी जे सांगितले त्याचा अर्थ मला माझ्या परीने असा लागला: ब्लूटूथवर चार जण बोलायचे तर ती सहलीला निघालेल्या शाळकरी मुलांची रांग होते. एकाने दुसऱ्याचा हात धरायचा, दुसऱ्याने तिसऱ्याचा. मधल्याने हात सोडला की पुढचे आणि मागचे तुटले. मेश ही वाड्यातली बातमी. ती अमक्याच दारातून जाते असे नाही. एक दार बंद असले तर दुसऱ्यातून जाते, माणसे पुढे-मागे झाली तरी तिचे अडत नाही. मात्र या मेशवाल्यांचा दुसऱ्या कंपनीच्या मेशशी सहसा रोटीबेटी व्यवहार नसतो. तो करायचा तर पुन्हा ब्लूटूथच्याच दारात जावे लागते.

मग मी दुकानात गेलो. तिथला मुलगा नम्र होता. त्याने काचेखालून एक पेटी काढली आणि म्हणाला, "हे घ्या, अंकल. पंधरा रायडर एकदम बोलू शकतात. रेंज दीड किलोमीटर, मोकळ्या रस्त्यावर."

मी म्हणालो, "मला एकाच माणसाशी बोलायचंय."

"ते किती अंतरावर असतात?"

मी हाताने दाखवले. "वीतभर."

तो मुलगा क्षणभर गप्प झाला. वीतभर अंतरासाठी यंत्र मागणारे गिऱ्हाईक बहुधा त्याला पहिलेच भेटले असावे. त्याने जोडीची किंमत सांगितली, तेव्हा येझ्दी मी किती रुपयांना घेतली होती ते आठवण्याचा मी प्रयत्न करू लागलो.

घरी येऊन मी विचार करत बसलो. कोष्टकातले तेवीस रकाने लांबच्या माणसासाठी होते. जवळच्या माणसाचे बोलणे कळण्यासाठी काय पाहावे, तो रकानाच नव्हता.

तो सौ.ने आखला. पस्तीस वर्षे तिने शाळेत प्रश्नपत्रिका काढल्या आहेत. ती म्हणाली, "दुकानात सगळंच ऐकू येतं. परीक्षा रस्त्यावर घ्यायची." तिने शेजारच्या मुलाकडून त्याचा संच दोन दिवसांसाठी मागून घेतला आणि एका कागदावर दहा शब्द लिहिले. पाट, ताट, वाट, लाट, थाट. साप, शाप, ताप, थाप, माप. काना-मात्रा त्याच, अक्षरे वेगळी. पहाटे रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या वेगाने मी गाडी चालवायची, तिने मागून एकेक शब्द वाचायचा, आणि मी ऐकू आला तो पुन्हा म्हणायचा.

पहिल्या खेपेस मला दहापैकी तीन मिळाले. 'थाप'ला मी 'ताप' म्हणालो, 'साप'ला 'माप'. मी यंत्राला नावे ठेवू लागलो. तिने माझे हेल्मेट उलटे करून आत बोटे घातली आणि म्हणाली, "स्पीकर कुठे लावलाय बघा. तुमचा कान इथे, हा इंचभर खाली." कानाच्या छिद्रासमोर नेमका आणून तो पुन्हा चिकटवला, मागे कापडाची एक घडी घालून कानाजवळ आणला. दुसऱ्या खेपेस दहापैकी सहा! यंत्र तेच होते.

मग तिच्या माइकची पाळी आली. त्याची तोंडाकडे करायची बाजू तिने बाहेर केली होती आणि वर घालायची स्पंजची टोपी शेजारच्याच्या घरी राहिली होती. टोपी आली, बाजू फिरली, सात.

शेवटची गोष्ट शेजारच्या मुलाने सांगितली, तेव्हा मला ती थट्टा वाटली. "काका, कानात बोळे घाला." मोटारसायकल ताशी शंभरच्या वेगाने जाऊ लागली की हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच गोंगाट शंभर डेसिबेलच्या आसपास जातो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा दंडक असा, की पंच्याऐंशी डेसिबेल आठ तास सोसावे, पण शंभर डेसिबेल फक्त पंधरा मिनिटे. लोक वाऱ्यावर मात करायला स्पीकरचा आवाज वाढवतात. म्हणजे कानाला दोन शत्रू. स्पंजच्या बोळ्यांनी आधी वारा दबतो आणि मग बोलणे त्यातून वर येते. मी डॉक्टरांना विचारले, ते म्हणाले, "जरूर घाला, हॉर्न ऐकू येतोय ना एवढं पाहा." हॉर्न ऐकू येत होता, तो आपल्या देशात बोळ्यांना जुमानत नाही. आणि चौथ्या खेपेस मला दहापैकी नऊ मिळाले. माझ्या शालेय जीवनातही असे गुण मला कधी पडले नव्हते.

त्यानंतर निवड सोपी झाली. दीड किलोमीटर गेला, पंधरा माणसे गेली. राहिले ते एवढेच: जाड आणि मोठे स्पीकर, हातमोजे घालूनही चाचपता येतील अशी बटणे, दिवसभर पुरणारी बॅटरी, पावसाला न भिणारी डबी, आणि गाणे चालू असताना कोणी बोलले तर गाण्याने आपणहून मागे सरावे ही सोय. हा शेवटचा गुण घरातल्या माणसांतही दुर्मीळ आहे. आम्ही साध्या ब्लूटूथची जोडी घेतली. दुकानातल्या मुलाला थोडे वाईट वाटले, चिरंजीवांना बरेच वाटले.

भाऊबिजेच्या पहाटे आम्ही निघालो. पावसाळ्यात त्या घाटात दरडी येतात, रस्ता अधूनमधून बंद असतो, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करून घेतली होती. ओढणी या वेळी घरी ठेवली होती.

भोर मागे पडेपर्यंत ती बोलतच होती. तिला दिसणारी प्रत्येक गोष्ट मला ऐकू येत होती. भाताची कापणी, पाण्यावरचे बगळे, भावासाठी घेतलेल्या सदऱ्याचा रंग, मुलाचे लग्नाबद्दलचे मौन. मी मनाशी म्हटले, इतकी वर्षे ही मागे बसून एवढे सगळे बोलत होती आणि मी 'हो' म्हणत होतो!

घाट सुरू झाला. डाव्या हाताला दरी उघडली. मी म्हणालो, "आठवतं? इथेच कुठेतरी तू मला विचारलं होतंस, भजी खाऊ का म्हणून."

कानात थोडा वेळ काहीच आले नाही. मग तिचा आवाज आला, अगदी शेजारी बसून बोलावे तसा. "मी भजी नव्हती विचारली. मी विचारलं होतं, बी.एड. करू का?"

माझा हात आपोआप ब्रेककडे गेला. मी गाडी कडेला घेतली, पण उतरलो नाही.

पुढची हकीकत मला माहीत होती. तिचा आरंभ तेवढा माहीत नव्हता. त्या दिवाळसणाहून परत आल्यावर तिसऱ्या दिवशी तिने आमच्या आईला सांगितले होते, "मी बी.एड.ला नाव घालतेय. यांनी हो म्हटलंय." आईने माझ्याकडे पाहिले होते. ती नजर ज्यांनी पाहिली आहे त्यांनाच कळेल. मला काहीच आठवत नव्हते; पण बायकोला खोटे पाडण्यापेक्षा मी म्हणालो होतो, "हो, म्हटलंय खरं." त्या 'खरं'वर तिचे बी.एड. झाले, नोकरी लागली, भाड्याच्या खोल्या सुटल्या, मुलगा इंजिनिअर झाला. तिच्या निरोपसमारंभात मी भाषणसुद्धा केले होते. 'त्या काळी मी पुढाकार घेऊन पत्नीला शिकवले,' असे म्हणालो होतो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ती पहिल्या रांगेत बसून हसत होती. मला वाटले होते, अभिमानाने.

"म्हणजे तुला तेव्हा कळलं नाही, मला ऐकू आलं नव्हतं ते?"

"न कळायला काय झालं? बी.एड. करू का म्हटल्यावर 'अगदी पोटभर' कोण म्हणेल?"

"मग पुन्हा नाही विचारलंस?"

"हो म्हणालात ना. पुन्हा कशाला विचारायचं?"

"घरी विचारायचंस."

"घरी विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

मी उत्तर देणार होतो. एखाद्या वर्षापूर्वी हे झाले असते तर मी 'काय? ऐकू नाही आलं' म्हणून वेळ मारून नेली असती. पण आता दोष ढकलायला वाराच उरला नव्हता. दहापैकी नऊ गुणांचे ऐकू येत होते. घरी विचारले असते तर मी काय म्हणालो असतो ते मला ठाऊक होते. मी म्हणालो असतो, 'आईला विचार.' आणि ते तिथेच संपले असते.

"आईला विचार म्हणालो असतो," मी म्हणालो.

"म्हणून तर घाटात विचारलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. गणित सोडवून झाल्यावर उत्तराखाली दोन रेघा ओढाव्यात तशी ती बोलली.

आम्ही वाघजाईपाशी थांबलो. आता तिथे बऱ्याच टपऱ्या आहेत, माकडेही आहेत. मी सवयीने विचारले, "भजी?"

"मला भजी कधीच फारशी आवडली नाहीत," ती म्हणाली. "चहा घेऊ."

चाळीसएक वाढदिवसांची भजी माझ्या डोळ्यांपुढून गेली. आम्ही चहा घेतला. खाली शिवथरच्या खोऱ्यात ऊन उतरत होते. हेल्मेट काढल्यावर मला तिचे बोलणे पुन्हा थोडे अंधुक ऐकू येऊ लागले, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

उतार लागला तेव्हा माझ्या मनात एक शंका आली. येझ्दीवर आम्ही बारा-पंधरा वर्षे काढली. त्या काळात मी किती वेळा 'हो' म्हटले असेन याचा हिशेब नाही. चारचाकीचा रंग, दारातला कडुनिंब, मुलाची शाळा, तिच्या धाकट्या बहिणीचे आमच्याकडे चार वर्षे राहणे. या सगळ्यांना मीच कधीतरी संमती दिली होती, असे मला वेळोवेळी सांगण्यात आले आहे.

"काय गं," मी विचारले, "असं आणखी काय काय विचारलंस तू मला घाटात?"

बॅटरी भरलेली होती. बोळे घातलेले होते. स्पीकर कानाच्या नेमका समोर होता. त्यातून तिचे प्रत्येक अक्षर, व्यंजनासकट, मला स्वच्छ ऐकू आले.

"काय म्हणालात?" ती म्हणाली. "वारा फार आहे हो. काही ऐकू येत नाही."